हिवाळ्याची वीज आणि उरलेले तुकडे

शास्त्रपाठ : योहान ६:१–१३

आमच्या खेड्यांतील मंडळ्यांची पुष्कळ कुटुंबे आता पोटासाठी शहरात जाऊन राहिली आहेत. पैठण, गंगापूर, वैजापूर, फुलंब्री ह्या तालुक्यांतून निघालेला मनुष्य बहुधा छत्रपती संभाजीनगरास, म्हणजे आमच्या वडील वाचकांच्या औरंगाबादेस, जाऊन स्थिरावतो; आणि नाताळास किंवा पेरणीस गावी परत आला म्हणजे शहरातील चालीरीती, वस्तू व काळज्या सोबत घेऊन येतो. म्हणून शहरातल्या एका खोलीत घडलेली गोष्ट गावच्या मंडळीस सांगण्यात आम्हांस काही वावगे वाटत नाही. आज ज्याचा हीटर शहरात तापतो, त्याच्या भावाचा हीटर उद्या गावात तापणार आहे, किंबहुना तापू लागलाच आहे.

जालना रस्त्यावरचा क्रांती चौक बहुतेक वाचकांनी पाहिला असेल. वरून उड्डाणपूल गेलेला, मध्यभागी शिवाजी महाराजांचा उंच अश्वारूढ पुतळा, आणि दिवे लागल्यावर चहूकडे असा प्रकाश की नव्या माणसाने क्षणभर थबकून पाहावे. १८५७ च्या उठावात सामील झालेल्या शिपायांस देहान्त शासन झाले तो काळा चबुतरा येथलाच, आणि त्या स्मृतीनेच चौकास हे नाव मिळाले. ह्या चौकापासून हाकेच्या अंतरावर, एका गल्लीत, आमच्या ओळखीचे एक ख्रिस्ती कुटुंब भाड्याने राहते. घरात पाच माणसे : नवरा, बायको, नवऱ्याची वृद्ध आई, दहावीत शिकणारी मुलगी व तिचा धाकटा भाऊ. गृहस्थ वाळूजच्या एका कारखान्यात पाळीने कामास जातात.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही त्यांच्याकडे प्रार्थनेस गेलो. नाताळाची चांदणी दारावर अद्याप लटकत होती. प्रार्थना आटोपल्यावर गृहस्थांनी विजेचे देयक आमच्यापुढे ठेवले व म्हणाले, "पाळकसाहेब, हे पाहा. ऑक्टोबरात ब्याण्णव युनिट होते, आता एकशे अठ्ठेचाळीस झाले. पंखे बंद, कूलर कधीचा बांधून ठेवला, तरी पैसे दुपटीने. मी तर सांगून टाकले आहे की नऊ वाजले की घरातला शेवटचा दिवा मालवायचा."

मुलगी कोपऱ्यात बसली होती. ती काही बोलली नाही. तिची आई हळूच म्हणाली, "हिची परीक्षा जवळ आली. रात्रीचे दोन तास अभ्यासाचे जातात. पण बिल पाहिले की ह्यांच्याशी काय बोलावे?"

आजचा आमचा पाठ ह्या दोन तासांविषयी आहे.

त्या गृहस्थांस आम्ही दोष देत नाही. कर्ज काढून सण करणाऱ्या माणसापेक्षा देयक पाहून दचकणारा मनुष्य शतपटीने बरा. परंतु काटकसर करू पाहणाऱ्याने प्रथम गळती कोठे आहे हे शोधावे लागते. रांजण तळाशी फुटला असता तोंडाशी चिंधी बांधून काय उपयोग? आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात वीज म्हणजे दिवा अशी गाठ बसलेली आहे. खेड्यात वीज आली ती दिव्याच्या रूपाने आली, म्हणून ती वाचवावयाची म्हणजे दिवा मालवावयाचा, असे आपणांस वाटते. साध्या पिवळ्या बल्बाच्या काळी ह्या समजुतीत थोडेबहुत तथ्यही होते. आता नाही, आणि हिवाळ्यात तर मुळीच नाही.

आम्ही गृहस्थांकडून कागद मागून घेतला व त्यांच्याबरोबर हिशेब मांडला. तोच येथे देतो. उपदेशकांनी तो फळ्यावर मांडून दाखवावा. युनिट म्हणजे काय? हजार वॅटची वस्तू एक तास चालली म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. सव्वादोन हजार वॅटची असेल तर तासात सव्वादोन युनिट. नऊ वॅटचा एलईडी दिवा असेल तर एक युनिट जळावयास त्यास एकशे अकरा तास लागतात. वस्तूवर किंवा तिच्या खोक्यावर वॅटचा आकडा छापलेला असतो. तो वाचता आला आणि तासांनी गुणता आला, की कोणत्याही घराचा हिशेब करता येतो. ह्यास चौथीच्या मुलाहून अधिक गणित लागत नाही.

आता पाण्याकडे वळू. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते, व एका युनिटात ३६०० किलोज्यूल असतात. त्या घरी पाणी गच्चीवरच्या टाकीतून येई. पौषातल्या रात्री उघड्यावर राहिलेले ते पाणी पहाटे सुमारे पंधरा अंशांवर असे. स्नानाचे पाणी चाळीस अंश हवे, म्हणजे पंचवीस अंश चढविणे आले. वीस लिटरची बादली घ्या : वीस गुणिले पंचवीस गुणिले ४.२, म्हणजे २१०० किलोज्यूल, युनिटात ०.५८. गीझरमध्ये कढत करून मग थंड पाणी मिसळले तरी हिशेब हाच राहतो, कारण अखेर बादलीत जितकी उष्णता उतरली तितकी मीटरवरून आलीच पाहिजे.

आणि मुलीचा दिवा? नऊ वॅट, रोज दोन तास, महिन्याचे साठ तास : ०.५४ युनिट.

गृहस्थांनी हा आकडा दोनदा तपासून पाहिला. एका माणसाचे एका सकाळचे स्नान, आणि त्यांच्या मुलीचा महिनाभराचा रात्रीचा अभ्यास, ही दोन्ही एकाच मापाची निघाली! घरात पाच माणसे, म्हणजे रोज जवळजवळ तीन युनिट, महिन्याचे सत्त्याऐंशी. शिवाय गीझरचे बटण पहाटे पाचपासून साडेनऊपर्यंत चालूच राही, कारण ज्याला त्याला आपल्या वेळेस पाणी तयार हवे. तापलेले भांडे वाट पाहता पाहता निवते व पुन्हा तापते. त्यात महिन्याचे आठ-नऊ युनिट कोणाच्याही अंगावर न पडता जात. इकडे दोन पंखे बंद झाल्याने, प्रत्येकी पंचाहत्तर वॅट व रात्रीचे नऊ तास धरून, चाळीस युनिट वाचले होते. ब्याण्णवांतून चाळीस गेले, शहाण्णव आले : एकशे अठ्ठेचाळीस. देयकावरचा आकडा हाच. (हिशेब असा तंतोतंत जुळणे विरळाच, आम्हांसही त्याचे नवल वाटले. वाचकांच्या घरी पाचदहा युनिटांचा फरक राहिला तर त्यांनी गोंधळू नये.)

पैसे युनिटांच्या मानाने अधिक का वाढले, हेही समजून घेतले पाहिजे. महावितरणच्या घरगुती दरपत्रकात टप्पे आहेत : महिन्याचे पहिले शंभर युनिट एका दराने, पुढे तीनशेपर्यंत दुसऱ्या दराने, आणि असेच वर. गेली काही वर्षे ह्या दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या सुमारे दुप्पट राहिला आहे. पुष्कळांचा असा समज आहे की एकशे एकावे युनिट पडले म्हणजे सगळेच देयक वाढीव दराने येते. तसे नव्हे, शंभराच्या वरच्या युनिटांसच तो दर लागतो. परंतु ह्यावरून ध्यानात येईल की त्या घरचे वरचे अठ्ठेचाळीस युनिट पहिल्या टप्प्यातील शहाण्णव युनिटांइतके महाग पडले. म्हणजे हिवाळ्यात वाचविलेले वरचे युनिट हे दुप्पट किमतीचे युनिट होय. पोटमीटरवर घरमालकास ठराविक दराने पैसे देणाऱ्या भाडेकरूंस हा टप्प्यांचा नफातोटा तसा लागू होत नाही, तरी बादलीचा हिशेब त्यांसही लागू आहेच.

एवढ्यावर कोणी म्हणेल की मग थंड पाण्याने स्नान करावे, की झाले. ज्यांच्या अंगात बळ आहे त्यांनी खुशाल करावे. पण पहाटे दहा अंशांच्या थंडीत वृद्ध आईस व तापातून उठलेल्या मुलास थंड पाणी देणे ह्यास आम्ही काटकसर म्हणत नाही. येथे शास्त्रपाठाकडे वळणे अगत्याचे आहे.

योहानाच्या सहाव्या अध्यायातील गोष्ट आपल्या शब्बाथशाळेतील लहान मुलांसही ठाऊक असते. डोंगराजवळच्या गवतावर पाच हजार पुरुष बसले; एका मुलाजवळ जवाच्या पाच भाकरी व दोन मासळ्या होत्या; प्रभूने उपकारस्तुती करून त्या वाटल्या, सर्व जण जेवून तृप्त झाले, आणि मग त्याने शिष्यांस उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितले. बारा टोपल्या भरल्या. आपले बहुतेक उपदेश भाकरी वाढल्या ह्या चमत्कारावर थांबतात, आणि टोपल्या केवळ त्या चमत्काराचे माप म्हणून मोजल्या जातात. परंतु थोडा विचार करा. ज्याच्या हातून पाच भाकरींच्या पाच हजार होतात, त्यास तुकड्यांची काय गरज होती? दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच करता आले असते. तरीही त्याने ते मातीत पडू दिले नाहीत. सामर्थ्य विपुल आहे म्हणून नासाडी चालेल असे त्याने मानले नाही. ज्यांच्या घरी पैसा भरपूर आहे आणि देयकाची ज्यांस पर्वा नाही, अशांनी हा भाग दोनदा वाचावा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची, आणि ती क्रमाची आहे. आधी सर्वांचे पोट भरले, मग तुकडे वेचले. प्रभूने भाकरी मोडते वेळी कोणास अर्धपोटी ठेवून टोपल्या भरल्या नाहीत. ज्या काटकसरीत घरातील दुबळ्याच्या पानातले आधी काढून घेतले जाते ती ह्या अध्यायातील काटकसर नव्हे. आमच्या घरांत बहुधा काय होते? खर्च कमी करावयाचा ठरला की मुलीचे पुस्तक, सुनेचे औषध, म्हाताऱ्याचे दूध ही प्रथम कमी होतात, कारण ती माणसे बोलत नाहीत. क्रांती चौकाच्या त्या घरी मुलीचा दिवा असाच मालवला गेला होता. गवतावर पडलेले तुकडे मात्र न्हाणीघरात होते.

ते वेचावे कसे, हे आता सांगतो.

खेड्यातील कोणत्याही बाईस ठाऊक आहे की हिवाळ्यात पहाटे विहिरीचे पाणी हातास ऊन लागते, कधी कधी त्यावर वाफ दिसते. उन्हाळ्यात तेच पाणी गार लागते. वस्तुतः पाणी फारसे बदलत नाही, आपला हात बदलतो. जमिनीत काही हात खोल गेले की उन्हाळ्याचे ऊन व हिवाळ्याची थंडी दोन्ही तेथवर पोचता पोचता मंदावतात, आणि वर्षभराच्या सरासरीइतकी उष्णता तेथे कायम राहते. आमच्या पठारावर ती पंचवीस अंशांच्या आसपास असते. त्या घराच्या अंगणात घरमालकाची बोअर होती. मोटार रोज संध्याकाळी लावून टाकी भरत. म्हणजे जमिनीने फुकट दिलेले ऊन पाणी रात्रभर गच्चीवर ठेवून थंड करीत, आणि सकाळी पैसे देऊन पुन्हा ऊन करीत! मोटार पहाटे लावून ताजे पाणी घेतले तर पंचवीस अंशांऐवजी पंधराच अंश चढवावे लागतात. ०.५८ चे ०.३५ होतात. काही एक विकत न घेता, कोणास कुडकुडत न ठेवता, पाचांतील दोन हिस्से वाचले. खेड्यात तर ह्याहूनही सोपे : विहिरीचे किंवा हापशाचे पाणी संध्याकाळी भरून न ठेवता सकाळी आणावे.

दुसरा तुकडा उन्हाचा. आमच्याकडे पावसाळा सरला की महिनोन्‌महिने आभाळ निरभ्र असते. बाळंतिणीच्या घरी घंगाळ उन्हात ठेवून तान्ह्या बाळाचे पाणी कोमट करण्याची रीत जुनीच आहे. तीच रीत मोठ्यांस लागू का करू नये? काळ्या रंगाचे पसरट भांडे किंवा काळी प्लास्टिकची नळी पत्र्यावर सकाळी भरून ठेविली तर तिसऱ्या प्रहरी पाणी स्नानायोग्य होते. अट एवढीच की स्नान तिसऱ्या प्रहरी केले पाहिजे, आणि येथे चाल आडवी येते. त्या घरची आई म्हणाली, "अंघोळ केल्याशिवाय पोरांना शाळेत पाठवू?" आम्ही म्हटले, ताई, हातपाय तोंड धुऊन, केस विंचरून पाठवा, खेळून मळलेले मूल दुपारी स्नान करील तर ते अधिक स्वच्छ होईल. तिला हे तेव्हा पटले असे आम्हांस वाटले नाही. ज्यांस ऐपत आहे त्यांनी छतावर सौर बंब बसवावा. तो एकदाचा खर्च आहे, आणि अशा उन्हाच्या प्रदेशात तो पुष्कळ वर्षे उपयोगी पडतो.

गीझर असेल तर तो स्नानापूर्वी पुरेसा वेळ आधी लावावा व घरातील माणसांनी एकामागून एक स्नान उरकावे. बटण बंद करून मग शेवटच्याने आत जावे. त्यावरील उष्णतेचा काटा पन्नासाच्या आसपास ठेवावा. पाण्यात बुडविण्याचा रॉड वापरणाऱ्यांस मात्र आमची कळकळीची विनंती आहे. रॉड चालू असता पाण्यात बोट घालून पाणी तापले का हे पाहू नये. आधी बटण बंद करावे, पिन काढावी, मगच बादलीस हात लावावा. लोखंडी बादली वापरू नये, लहान मुलास जवळ फिरकू देऊ नये. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने रॉडवर पांढरे कवच चढते व आतली तार जळते. असा रॉड दुरुस्त करून पुन्हा वापरण्यापेक्षा टाकून द्यावा. घरात अर्थिंग व गळती होताच वीज तोडणारे बटण, ज्यास कारागीर आरसीसीबी म्हणतात, ही असावीत. एक रॉड स्वस्त मिळतो. त्याने गेलेला जीव परत मिळत नाही.

ज्यांच्या अंगणात अद्याप तांब्याचा बंब किंवा चुलाणे आहे व शेतातील पऱ्हाट्या, तुराट्या आयत्या मिळतात, त्यांनी शहराचे पाहून हीटर घेण्याची घाई करण्याचे कारण नाही. त्यासाठी हिरवे झाड तोडू नये, आणि चुलाणे उघड्यावर असावे. पण निव्वळ काटकसर म्हणून पेटती शेगडी रात्री बंद खोलीत ठेवून निजणे ह्यासारखा घात नाही. अपुऱ्या हवेत कोळसा जळला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. निजलेला मनुष्य जागाही होत नाही. थंडीसाठी गोधडी आहे, घोंगडी आहे, खिडकीच्या फटीस लावावयास जुने कापड आहे. विजेची खोली तापविण्याची शेगडी दोन हजार वॅटची असते, तीन तासांत सहा युनिट खाते. आमच्या हवेत निरोगी माणसास तिची गरज पडू नये.

नाताळाच्या चांदणीविषयी लिहावे की नाही, ह्याचा आम्ही थोडा विचार केला. चांदणी लावू नका असे आम्ही म्हणणार नाही. गावच्या अंधारात ख्रिस्ती घर ओळखू यावे ही त्या चांदणीची शोभा आहे. परंतु तीत जुना साठ वॅटचा बल्ब घालून तो डिसेंबरच्या पहिल्या तारखेपासून सहा जानेवारीपर्यंत रोज रात्रभर, बारा तास, ठेविला तर सव्वीस युनिटांहून अधिक जातात. पाच वॅटचा एलईडी घातला तर सव्वादोन. चांदणी तितकीच दिसते. चौदा डिसेंबर हा आपल्या देशात ऊर्जा संवर्धन दिवस म्हणून पाळला जातो व तो आगमनकाळातच येतो. त्या सुमारास मंडळीतील तरुणांनी घरोघर जाऊन चांदण्यांतील बल्ब बदलून दिले तर गीते गात फिरण्याबरोबर तेही एक काम होईल.

आणखी एक कठीण गोष्ट सांगणे भाग आहे. काही गावांत थंडीच्या दिवसांत तारेवर आकडा टाकून हीटर चालविले जातात, आणि आमची माणसे ह्यापासून अलिप्त आहेत असे आम्हांस शपथपूर्वक सांगता येणार नाही. सगळेच करतात, हे उत्तर आम्ही ऐकले आहे. २००३ च्या वीज कायद्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणे ही चोरी आहे व तीस तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. परंतु कायदा नसता तरी आठवी आज्ञा होतीच. आणि ह्यात शेजाऱ्याचे नुकसान प्रत्यक्ष आहे. रब्बीच्या दिवसांत गहू-हरभऱ्याला पाणी देण्यासाठी गावचे पंप एकदम चालतात. त्यात सकाळच्या वेळी हिशेबाबाहेरचे हीटर भरले की डीपी जळते, आणि नवी येईपर्यंत सारे गाव अंधारात व पीक कोरडे. ज्या शेतकऱ्याची पाळी रात्रीची आहे तो आधीच काळोखात, दवात, विंचूकाट्याच्या भीतीने बांधावरून चालत असतो. डीपी जळाली तर त्याची ती रात्र वाया जाते.

मराठवाड्याच्या माणसास विजेची किंमत पैशांपेक्षा पाण्यात अधिक चांगली कळावी. परळीचे औष्णिक वीज केंद्र आपल्या बीड जिल्ह्यात आहे. कोळसा जाळून पाण्याची वाफ करावयाची, वाफेने चक्र फिरवावयाचे, आणि ती वाफ पुन्हा थंड करण्यास आणखी पाणी. असा त्या केंद्रांचा क्रम असतो. २०१३ च्या दुष्काळात व पुन्हा २०१५ साली ते केंद्र कोळशावाचून नव्हे, पाण्यावाचून बंद पडले. पुढल्याच वर्षी, २०१६ च्या एप्रिलात, मिरजेहून लातुरास आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले, हे कोण विसरेल? डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने कोळशावरील जुन्या केंद्रांस जी मर्यादा घालून दिली ती युनिटामागे साडेतीन लिटर पाण्याची आहे. आणि युनिटामागे अर्धा किलोहून अधिक कोळसा जळतो. म्हणजे बटण चालू राहिल्याने फुकट गेलेल्या प्रत्येक युनिटाबरोबर कोठेतरी धरणातले साडेतीन लिटर पाणीही जाते. त्याच शहरातील पाणचक्की आमच्या वाचकांनी पाहिली असेल. दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेले पाणी उंचावरून पाडून त्याने जाते फिरवीत, दर्ग्यात येणाऱ्यांचे पीठ दळीत, आणि तेच पाणी पुढे हौदात साठत असे. एका पाण्याकडून दोन कामे घेणारे ते लोक पाणी टंचाईचे मोल जाणत होते.

छतावर सौर पट्ट्या बसवून वीजच घरी करावी, असा उत्साह अलीकडे दिसतो, आणि तो चांगला आहे. फेब्रुवारी २०२४ पासून केंद्र सरकारची सूर्यघर योजना चालू झाली. तीत एक किलोवॅटास तीस हजार, दोनास साठ हजार व तीन किंवा अधिकास अठ्ठ्याहत्तर हजार रुपये साहाय्य ठेवलेले आहे. मंडळीतील ज्यांचे स्वतःचे पक्के छत आहे त्यांनी चौकशी करावी. परंतु बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा असे प्रभूने लूकच्या चौदाव्या अध्यायात शिकविले आहे. ज्या घरी महिन्याचे पन्नास युनिट गळतात त्याने आधी गळती थांबवावी. मग पट्ट्याही कमी लागतील व कर्जही.

आम्ही फेब्रुवारीत त्या घरी पुन्हा गेलो. जानेवारीचे देयक एक्याण्णव युनिटांचे होते. मोटार पहाटे लागू लागली होती. मुले दुपारी, पत्र्यावरच्या काळ्या नळीच्या पाण्याने स्नान करीत; आईने प्रथम रविवारी करून पाहिले, मग रोज. गीझरच्या बटणाचा ताबा आजीने स्वतःकडे घेतला होता, व शेवटच्या माणसाच्या दारावर ती काठी आपटत असे. तिचे स्वतःचे पाणी मात्र पूर्वीइतकेच कडक. त्याविषयी कोणी काही बोलले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

मुलीचा दिवा रात्री अकरापर्यंत चालू राहत होता. गृहस्थ म्हणाले, "पाळकसाहेब, मी त्याखाली एक स्टूल घेऊन बसतो. तिचे पाठांतर मीच घेतो. पाळी रात्रीची असली की मात्र नाही जमत."

उपदेशकांनी हा पाठ घेण्याच्या आदल्या शनिवारी चार-पाच घरी मीटरचा आकडा लिहून घेण्यास सांगावे, व पुढल्या शनिवारी पुन्हा. दोहोंतील फरक तो त्या आठवड्याचा खर्च. ज्यांस अक्षर येत नाही त्यांच्या घरी शब्बाथशाळेतील मुलास पाठवावे. मग योहानाचा सहावा अध्याय वाचून मंडळीस विचारावे की आपल्या घरी गवतावर पडलेले तुकडे कोणते, आणि कोणाच्या पानातली भाकरी आपण चुकून तुकडा समजून उचलली. दुसऱ्या प्रश्नास पुरुषांकडून उत्तर येईपर्यंत थोडे थांबावे लागेल. उपदेशकांनी घाई करू नये, आणि मागे बसलेल्या बायांसही विचारावे.